गाळलेले ‘अहो’

कार्तिकातल्या दुपारी शांती नगरच्या आमच्या खोलीत खाडीवरचा खारट वारा शिरतो, पडदा हलतो, ऊन गादीवरून हळूहळू भिंतीकडे सरकतं, आणि त्या कोवळ्या पिवळ्या प्रकाशात वाचत बसलेली वसू मला दिसते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठ पुटपुटणारे, पेन्सिल कुणाच्या तरी वाक्यावर रोखलेली. माझी बायको संपादक आहे. शब्द कापताना तिला दयामाया नाही.

तिचं अलीकडचं काम म्हणजे नव्या लेखकांच्या विज्ञानकथांचा संग्रह. त्यात उडत्या तबकड्या नाहीत. यंत्रं माणसाच्या मेंदूत शिरून जुनीसुद्धा झालीत, आणि तरी घोडबंदरला जाणारी बस चुकते, सासू रुसते, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून भांडणं होतात, असं ते भविष्य. मी नाक मुरडायचो, यात विज्ञान कुठंय म्हणून. ती म्हणायची, “अहो, यंत्र आलं म्हणून माणूस जेवायचं थांबतो का?” प्रत्येक कथा ती मोठ्यानं वाचायची आणि कानाला खटकेल ते काढून टाकायची. आवाज किंचित घोगरा, उन्हात ठेवलेल्या पितळी भांड्यासारखा ऊबदार.

त्याच गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी मी रिक्षावाल्यावर ओरडलो, वॉचमनवर ओरडलो, बंद पडलेल्या लिफ्टवरही ओरडलो. भीती वाटली की मला दुसरं काही सुचतच नाही.

आमची मुलगी मुक्ता लॅपटॉप घेऊन आली. आईचा आवाज आधी साठवायचा, मग आई टाईप करील आणि फोन तिच्याच आवाजात बोलेल. “आई, काहीही वाच,” ती म्हणाली. वसूनं अर्थातच संग्रह काढला. पंखा बंद, खिडक्या बंद. घामानं निथळत ती भविष्यकाळ वाचत राहिली. मध्येच थांबायची. “अहो, पाणी द्या ना.” मुक्ताला, “हसू नकोस गं.” आणि एखाद्या लेखकाला, “किती पाल्हाळ लावलंय मेल्यानं!” संध्याकाळी मुक्ताच्या शेजारी बसून ते सगळं ती पुसायला लावायची.

“आई, राहू दे ना. तेच तर हवंय.”

“कथेत नाहीये ते. फालतू आहे. काढ.”

मुक्ता रडवेली झाली, पण आईपुढे कुणाचं काय चालतंय? सगळं निघालं.

शस्त्रक्रिया झाली, पुस्तकही आलं. फोन पहिल्यांदा बोलला तेव्हा मला हुंदका आवरेना. आवाज हुबेहूब तिचाच होता. पण तो आवाज नुसता वाचतो. चहा हवा असताना, रागावल्यावर, अंधारात दचकल्यावर, नातेवाइकांसमोर मला गप्प बसवताना नाना तऱ्हांनी उमटणारं तिचं ‘अहो’ आता एकाच स्वच्छ, सपाट सुरात येतं, आणि तिला काय म्हणायचंय ते कळायला मला तिच्या चेहऱ्याकडे पाहावं लागतं.

परवा तिलाही ते ऐकू आलं. तिनं ‘अहो’ टाईप केलं, ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग फोन पालथा ठेवून माझी बाही ओढली. मी वळलो.

समोर बसलेल्या माणसाचीही आठवण येऊ शकते, हे मला ठाऊक नव्हतं; काळ माणसाला घेऊन जाण्याच्या कितीतरी आधी त्याची हाक घेऊन जातो, आणि ओ देणारा तसाच कान देऊन बसून राहतो.