पट्टी नको म्हणणारे मास्तर

मी एक जुना ड्रेसिंगचा डबा आहे, मित्रांनो. कारखान्यात यंत्राच्या एका दणक्यात माझं पोट घडलं आणि दुसऱ्या दणक्यात झाकण. नवा होतो तेव्हा माझ्यात चेहरा दिसायचा. आता बिजागरी खिळखिळी झाली आहे आणि झाकण चिकटपट्टीने धरलेलं आहे. माझ्या बरोबरीचे डबे केव्हाच भंगारात गेले. सिस्टरांनी मला तेवढं ठेवलं.

बावीस वर्षं मी त्यांच्याबरोबर जखमा बांधायला घरोघर फिरतो आहे. बऱ्या झालेल्या जखमा मी विसरलो. शिंपीमास्तरांची जखम मात्र विसरता येत नाही.

त्यांच्या डाव्या नडगीवर ती तीन वर्षं होती. पायाच्या नसांत रक्त तुंबायचं, म्हणून कातडी भरून येत नव्हती. त्यावर मुख्य उपाय म्हणजे बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत दाबाची घट्ट पट्टी. मास्तर नको म्हणत. डॉक्टरांनी सगळे धोके समजावले आणि त्यांच्याच तोंडून परत वदवून घेतले.

"जखम वाढेल, विष भिनेल, पाय जाईल, कदाचित मीही," मास्तर म्हणाले. "धडा पाठ झाला ना? आता नको म्हणू का?"

त्यांचं डोकं शाबूत होतं, त्यामुळे निर्णय त्यांचाच होता. त्यांच्या मुलीला ते पटेना.

"सिस्टर, दुपारी बाबा गाढ झोपतात. तेव्हा बांधून टाका. पाय गेल्यावर तो निर्णय काय चाटायचा?"

त्या दिवसाचं ते सातवं घर होतं. सिस्टर थकल्या होत्या. वाद घालण्यापेक्षा पट्टी बांधणं सोपं वाटलं. ती त्यांनी माझ्यातूनच काढली आणि झोपलेल्या मास्तरांच्या पायाला बांधली. मी करकरलो, पण डब्याचं कोण ऐकतं?

जाग आल्यावर मास्तरांनी कापडाची मोठी कात्री घेतली आणि पट्टी उभी कापली. चाळीस वर्षं सूतभर न चुकलेला हात रागाने चुकला. जखमेशेजारी नवी चीर पडली. मग तीन आठवडे सिस्टरांना दार बंद. सहा सेंटिमीटरची जखम नऊची झाली.

चौथ्या आठवड्यात सिस्टर उंबऱ्याबाहेरूनच बोलल्या, "मास्तर, चूक माझी. तुम्हाला न विचारता बांधली. आणि पट्टी का नको, हे तर कधीच विचारलं नाही."

आत शिवणाचं मशीन थांबलं.

"पट्टीत पाय बधिर होतो. मशीनचं पायडल कळत नाही. शिवण वाकडी जाते." मास्तरांनी कडी काढली. "धुवायचं तर धुवा. घट्ट बांधायचं नाही."

"नाही बांधत. पण ताप आला, लाली वर चढली, तर लगेच कळवाल?"

"कळवेन. मापाचा माणूस आहे मी."

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा आम्ही जातो. सिस्टर कोमट पाण्याने जखम धुतात, मोजतात, वरून हलकं ड्रेसिंग लावतात. जखमेला येणारा वास गेला. माप मात्र नऊ, साडेआठ, पुन्हा नऊ. दर खेपेला त्या विचारतात, "आज पट्टी?" दर खेपेला मास्तर म्हणतात, "आज नको."

"मग या खेपांचा उपयोग काय?" मुलगी वैतागून म्हणाली.

"नको म्हणायला तरी दार उघडतात ना," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी माझं झाकण लावलं.

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकणार नाही, म्हणून सांगतो. तुमच्या घरात कुणी औषधाला नको म्हणालं, तर त्याला धरूनबांधून बरं करायला जाऊ नका आणि रुसून पाठही फिरवू नका. का नको, ते विचारा. उत्तर आवडलं नाही, तरी त्याच्या पायासाठी पाणी कोमट करा.