मागच्या सीटवरची करिश्मा

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. माझा निळा रंग उडालाय आणि किकही दोन-चारदा मारावी लागते. वडसा गावातल्या दुकानातून आदेशनं मला आणलं, तेव्हा हार घातला होता. लग्नानंतर त्याची बायको करिश्मा मागच्या सीटवर बसू लागली. धानाच्या बांधीवर, म्हणजे भाताच्या शेतावर, जाताना दोघं किती हसायचे!

वर्षं गेली, मूल झालं नाही. मी त्यांना दवाखान्यात नेऊ लागले. डॉक्टरांनी सांगितलं, दोष आदेशमध्ये आहे. बाहेर येऊन माझं हँडल घट्ट धरत तो म्हणाला, "घरी सांगू नको. मले तोंड दाखवता येनार नाई." करिश्मानं मान हलवली.

पुढं आदेशच्या चुलतभावाकडं बारसं होतं. मी अंगणातच उभी होते. करिश्मा पाळण्याजवळ जाताच आदेशची आई, रुखमाबाई, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तू नको हात लावू. दूर सरक."

आदेश तिथंच होता. तो खाली बघत राहिला. मित्रांनो, मला बोलता येत नाही. त्याला येत होतं. त्या दिवशी त्याचं ओझं वाहायची मला लाज वाटली.

परतताना करिश्मानं विचारलं, "काऊन चूप राह्यले तुमी?" त्यानं माझा वेग वाढवला. त्यानंतर मागच्या सीटवर ती रोज मुकी बसे.

गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी तिला गडचिरोलीच्या दिव्यानी मॅडमकडं पाठवलं. त्या समुपदेशक आहेत; मनानं खचलेल्यांचं ऐकून घेतात, त्यांना सावरायला मदत करतात. करिश्मा आत जाई, आदेश माझ्यावर बसून राही. एकदा मॅडमच बाहेर आल्या. "आत या, भाऊ. तुमालेही दुखते ना?"

तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते. "मी मरदच नाई, असं वाटे मले," तो म्हणाला.

"मले लेकरू पायजे होतं," करिश्मा म्हणाली, "पन त्याहून जास्त तुमी माह्या बाजूनं पायजे होते."

घरी रुखमाबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मला स्टँडवर लावून आदेश म्हणाला, "आई, हिच्यात काई उणं नाई. दोष माह्यात हाय. मी लाजेनं चूप राह्यलो, अन् तू हिले बोलत राह्यली."

रुखमाबाईंचं सूप थांबलं. त्यांनी पदरात तोंड लपवलं. मग करिश्माकडं वळून म्हणाल्या, "एवढं ऐकवलं म्या तुले, तू काई बोलली नाई, बाई?"

"आता बोलीन," करिश्मा म्हणाली.

मित्रांनो, त्यांना अजून मूल नाही. मॅडमकडं जाणं सुरू आहे. तुमच्या जवळचं कुणी अबोल होत चाललं असेल, तर त्याच्यापाशी बसा. त्याला सांगायची लाज वाटत असेल. तुम्ही विचारायला लाजू नका.