नाव न घ्यायची मुळी

बंद पडलेलं कुठलंही घड्याळ हातात द्या, घड्याळजी ते चालू करून दाखवायचा. पण हॉस्पिटलच्या बाकावर बसल्यापासून त्याचं डोकंच चालेनासं झालं होतं. आत बायको निपचित पडली होती, डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टर तपासण्यांवर तपासण्या करत होते आणि यकृत कशाने बिघडलं याचा पत्ता लागत नव्हता.

घरी आणखी काही औषध देत होता का, असं त्याला विचारलं होतं. त्याने नाही म्हणून सांगितलं. तसा तो खोटं बोलणारा माणूस नव्हे. पण बायकोच्या माहेरी एक दंडक होता: रानातल्या मुळीचं नाव घेतलं की तिचा गुण जातो. ताप, पोटदुखी, सांधेदुखी, सगळं त्या घराने मुळ्यांवर निभावलं होतं, आणि तेही तोंडाला कुलूप लावून. बायकोचे गुडघे धरले तेव्हा थोरल्या मेहुणीने कागदात गुंडाळलेली मुळी त्याच्या हातात दिली आणि ओठांवर बोट ठेवलं. त्यानेही काही विचारलं नाही. रोज सकाळी तो मोठ्या मायेने काढा उकळायचा. फार कडू लागतो, असं बायको म्हणायची, आणि त्याचं मन मोडू नये म्हणून घटाघटा प्यायची.

वॉर्डातल्या वयस्कर सिस्टर बाहेर आल्या, तेव्हा तो रडकुंडीला आला होता. त्या शेजारी बसल्या.

"काहीतरी आहे तुमच्या मनात. हे बघा, माझी आईसुद्धा झाडपाला द्यायची, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ज्यात बरं करायची ताकद आहे, त्यात अपाय करायचीही असणारच ना? आम्हाला कळलंच नाही, तर आम्ही करायचं काय?"

त्याने सगळं सांगून टाकलं. मुळी कुठली, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मात्र त्याला काहीच सांगता येईना. मेहुणीला फोन केला. ती फोनवर नाव घ्यायला तयार होईना, पण धावतपळत आली.

"पाजलीत?" काढ्याचं ऐकून तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, ती उगाळून गुडघ्याला लावायची असते! पोटात नाही घ्यायची. आमच्याकडे पोरंटोरंही जाणतात."

"मला कोणी सांगितलं?"

"बोलायचं नसतं ना," ती म्हणाली, आणि आपलेच शब्द ऐकून मटकन खाली बसली.

मग उठली, डॉक्टरांपुढे गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या मुळीचं नाव मोठ्याने घेतलं. नाव घेतल्याने आभाळ कोसळलं नाही. कोसळायचं ते आधीच कोसळलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता उपचारांना दिशा मिळाली, पण वाया गेलेले दिवस परत आणता येणार नाहीत. वाट बघायची.

वाचकहो, रानातल्या मुळीत गुण असतील, त्यावर आपल्या कित्येक पिढ्या जगल्या असतील. पण औषध देणाऱ्याने ते कसं वापरायचं हे सांगायलाच हवं, घेणाऱ्याने विचारायलाच हवं, आणि डॉक्टरांपासून तर काहीच लपवता कामा नये. गप्प बसण्यात कसला आलाय गुण!

घड्याळजी आत जाऊन बायकोच्या उशाशी बसला. काढ्यात काय होतं, ते तिलाही कोणी सांगितलं नव्हतं. त्याने तिचा हात हातात घेतला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिने डोळे उघडले नाहीत. तिला ऐकू गेलं की नाही, हेसुद्धा त्याला कळलं नाही.