अग्निमुखाचा श्वास

सावरपाड्याच्या टेकडीवर वासलेल्या जबड्याच्या आकाराचा एक काळा दगड होता; त्याला अग्निमुख म्हणत. त्याच्या तोंडात तांब्याभर पाणी ओतले की त्याच तोंडातून आग बाहेर येत असे. दर रविवारी येत असे, भर दुपारी, सर्वांच्या देखत.

आशागड मागे टाकून तलासरीच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर त्या दिवशी मोटारींची रांग लागे. वापीच्या गाड्या, बोईसरच्या गाड्या, डहाणूच्या बागायतदारांच्या गाड्या. पाड्यातली माणसे पायी येत. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींनी या स्थानाला एक इतिहासही मिळवून दिला होता: घनदाट अरण्य, बाहेरच्या जगाशी संबंध नसलेले वनवासी आणि ते शतकानुशतके पूजत आलेला भयंकर ड्रॅगन. घनदाट अरण्याच्या पायथ्याशी वडापावच्या तीन गाड्या होत्या, आणि बाहेरच्या जगाशी संबंध नसलेली मंडळी त्याच चित्रफिती आपल्या मोबाइलवर पाहत बसलेली होती.

डॉ. मयुरा तेथे प्रथम गेली ती वडिलांबरोबर. महादेवशेठ चिकू आणि आंब्याचे बागायतदार. वाचन बऱ्यापैकी, मतेही बऱ्यापैकी. मुलगी जवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर असल्याचा त्यांना अभिमान होता, पण तिने प्रत्येक गोष्टीचे कारण विचारावे हे त्यांना फारसे रुचत नसे.

"अगं, मी स्वतःच्या हातानं पाणी ओतलंय," ते गाडीत म्हणाले. "आणि इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या पूजतात त्याला. जंगलातली माणसं आहेत ती. ती काय उगाच पूजतील?"

मयुराचे येथे येण्याचे कारण निराळे होते. वडिलांच्या बागेत काम करणारा दिपक हा तिचा क्षयाचा रोगी. महादेवशेठांनीच त्याचा खोकला ऐकून त्याला दवाखान्यात आणले होते. औषधाने त्याला चांगला उतार पडत होता, आणि मग एके दिवशी त्याने गोळ्या घेणे थांबवले. त्याला पुन्हा ताप येऊ लागला होता. क्षयाचे औषध अर्ध्यावर सोडले की जंतू उरतात आणि त्या औषधाला दाद देईनासे होतात. मग दुसऱ्यांदा बरे होणे पहिल्यापेक्षा पुष्कळ कठीण. दिपक तिशीच्या आतला होता. दवाखान्यातून माणूस पाठवला तर त्याने निरोप दिला होता की अग्निमुखाने आजार ओढून घेतला आहे, मॅडमनी काळजी करू नये.

दगडाशेजारी व्याघ्रचर्माच्या नक्षीच्या चादरीवर ज्वालागिरी महाराज बसले होते. पूर्वी ते वाणगावच्या बाजारात फळांच्या व्यापारात होते. मग त्यांना साक्षात्कार झाला. आवाज मात्र अजून लिलावाचाच होता.

"बाकीच्या देवांना तेल लागतं, तूप लागतं," महाराज सांगत होते. "ह्या देवाला पाण्याची भूक आहे. माणसाची आग पाण्यानं विझते, देवाची आग पाण्यानं वाढते. परदेशात ह्याला ड्रॅगन म्हणतात. त्यांनी त्यांचा मारून टाकला, आता बसलेत गोष्टी सांगत. आपण सांभाळला. नाक झाका सगळ्यांनी. देवाचा श्वास उग्र आहे, अधिकार नसलेल्यानं घेऊ नये."

भक्तांनी रुमाल नाकाला लावले. दगडाच्या एका नाकपुडीत पणती जळत होती. महाराजांनी त्याच्या तोंडात पाणी ओतले. आत फसफस झाली, क्षणभर काहीच घडले नाही, आणि मग भपकन पिवळी, काजळी धरणारी ज्वाळा जबड्याबाहेर आली. गर्दी हात जोडून मागे सरकली.

मयुराने नाक झाकले नव्हते. लसणासारखा तो उग्र वास तिच्यापर्यंत आला आणि ती एकदम आठ वर्षांची झाली: आंब्यांचा हंगाम, घरामागची पॅकिंगची शेड, पेट्यांत ठेवायच्या कागदाच्या पुड्या, आणि "तिकडे जाऊ नकोस, हात भाजेल" असे ओरडणारे पप्पा.

तिने वडिलांकडे पाहिले. महादेवशेठ रुमालामागून आकाशाचे निरीक्षण करीत होते.

दगडामागे सारवलेली एक भिंत होती. तिच्यावर गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रंगात अजस्र प्राणी काढलेला होता: वेटोळे घातलेले शरीर, असंख्य पाय आणि टोकाला वासलेला जबडा. भिंतीच्या सावलीत दिपकची बायको नवशी बसली होती. चित्र तिनेच काढले होते.

"नवशी, तुमच्याकडे ह्या देवाची पूजा कधीपासून आहे?" मयुराने विचारले.

"आमच्याकडं वाघोबा हाय, बाई. हा तुमच्याकडून आला."

"आमच्याकडून कसा?"

"गाडीतून," नवशी म्हणाली. "महाराजानं आणला. मला बोलला, ड्रॅगन काढ भिंतीवर. मी कधी बघितला? मग आमचा तारप्याचा नाच काढला, वेटोळ्यात नाचतात तो, आन्‌ त्याला तोंड लावलं."

मयुरा चित्राजवळ गेली. "म्हणजे हे पाय..."

"नाचणाऱ्यांचे. नीट बघा की, अंबाडे पण हायत काहींना."

अंबाडे होते. चित्रफितीत ज्याचे वर्णन 'प्राचीन वनवासी ड्रॅगनचे काटे' असे केलेले होते, ते पाड्यातल्या बायांचे अंबाडे होते.

"मग दिपक का येतो इथं?"

नवशीने रांगेकडे मान वळवली. दिपक तांब्या घेऊन उभा होता. सदरा खांद्यांवर लोंबत होता. त्याने उत्तर स्वतःच दिले.

"मॅडम, एवढे शिकलेले लोक येतात, गाड्या घेऊन येतात. ते काय येडे हायत? आपले शेठ पण येतात. शेठ येतात म्हणून तर मी आलो."

येथे मयुराला या देवस्थानाची सगळी बांधणी दिसली. गाडीवाले येत, कारण पाड्यातले लोक पूजतात. पाड्यातले येत, कारण गाडीवाले पूजतात. दोन्ही बाजू एकमेकींच्या भरवशावर हात जोडून उभ्या होत्या, आणि मध्ये एक दगड होता.

परतताना तिने गाडीच्या काचा खाली केल्या.

"पप्पा, तो वास ओळखीचा होता."

"कसला वास?"

"कार्बाइडचा. आंबे पिकवताना आपल्या शेडमध्ये यायचा तो."

"ते आपण बंद केलं," महादेवशेठ घाईघाईने म्हणाले. "कायद्यानं बंदी आहे त्याला."

"मी बंदीचं नाही विचारलं. तुम्ही वास ओळखलात का?"

महादेवशेठांनी रुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"पहिल्याच रविवारी ओळखला," ते अखेर म्हणाले. "पण बोलणार कोण? रांगेत निम्मे बागायतदार. जो म्हणेल हा कार्बाइडचा वास, त्याला लोक विचारतील, शेठ, तुम्हाला कसा माहीत? म्हणून सगळे आपले रुमाल लावून गप्प. पुढे पुढे मला वाटायला लागलं, असेलही देवाचा श्वास तसाच. एवढी माणसं चुकतील का?"

"ती सगळी तुमच्यासारखीच गप्प आहेत, पप्पा."

"हं."

"आणि दिपक तुम्हाला बघून तिथं गेला. औषध सोडून."

घरी पोहोचल्यावर महादेवशेठ जेवायला न येता थेट जुन्या शेडकडे गेले, आणि पत्रे, खोकी, तुटक्या शिड्या हलवल्याचा आवाज पुष्कळ वेळ येत राहिला.

पुढच्या रविवारी गर्दी नेहमीप्रमाणे होती. ज्वाळा निघून गेली, हात खाली आले, आणि महाराज प्रसादाचे पांढरे भस्म वाटायला घेणार तोच महादेवशेठ पुढे झाले. त्यांच्या हातात घट्ट झाकणाचा गंजलेला डबा, एक करवंटी आणि लांब काठीला बांधलेली उदबत्ती होती.

"महाराज, मलाही एक देव सापडलाय," ते म्हणाले. "लहान आहे. परवानगी असेल तर दाखवतो."

त्यांनी सर्वांना मागे सरायला लावले, डब्यातला एक राखाडी खडा करवंटीत टाकला, वर पाणी ओतले. फसफस झाली. लांबून काठी पुढे केली. करवंटीतून पिवळी, काजळी धरणारी ज्वाळा उठली. मग तो वास पसरला, आणि पुढच्या ओळीतल्या बागायतदारांचे रुमाल सवयीने वर गेले.

"शेठजींमध्ये अग्निमुखाचा अंश उतरला आहे," महाराज क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले.

"अंश डब्यात आहे," महादेवशेठ म्हणाले. "आमच्या शेडमध्ये उरला होता. आंबे पिकवायला वापरायचो. चुकीचं होतं, बंद केलं. आता रमणभाई, रुमाल काढा. तुमच्या गोदामात काय वेगळा वास यायचा?"

रमणभाई हे वाणगावच्या बाजूचे बडे बागायतदार. त्यांनी रुमाल काढला, घडी केली आणि खिशात ठेवला.

"लवकर माल काढायचा असला तर," ते पुटपुटले, "थोडंसं."

"थोडंसं?" मागून कोणीतरी म्हणाले. "अर्ध्या गावाच्या डोळ्याला पाणी यायचं, भाई."

हशा पिकला. मग आणखी दोन रुमाल खाली आले. कोणी दगडाच्या जबड्यात काठी घातली आणि आतला पत्र्याचा डबा बाहेर ओढला. त्यात तसेच राखाडी खडे होते आणि तळाशी पांढरा चिखल. मयुराने त्याला बोट लावून पाहिले. कार्बाइड विझल्यावर मागे उरतो तो चुना. हाच वाळवून भस्म म्हणून भक्तांच्या जिभेवर ठेवला जात होता. जीभ पोळली तर पाप जळाले असे समजायचे.

महाराजांनी सांगितले की अश्रद्धेमुळे देवाने आज डब्याचे रूप घेतले आहे. पण एव्हाना लोक महाराजांऐवजी एकमेकांकडे पाहत होते, आणि चादर गुंडाळणे त्यांनाही शहाणपणाचे वाटले.

मयुरा दिपककडे गेली. तो हसत नव्हता.

"आता गोळ्या सुरू करशील?"

"आग खोटी असंल, मॅडम," तो हळू म्हणाला. "पण माझं मी बघितलं त्याचं काय?"

"काय बघितलंस?"

त्याने आजूबाजूला पाहिले. महादेवशेठ समजून दोन पावले लांब झाले.

"लघवी लाल व्हायची. विस्तवासारखी. महाराज बोलले, अग्निमुखाची आग अंगात शिरलीय, त्यात त्या गोळ्यांची गरमी कशाला? गोळ्या सोड, माझं पाणी पी, आग निघून जाईल. दोन दिवसांत साफ झाली. हे काय डब्यात होतं?"

लघवी लाल होईल हे मयुराने त्याला पहिल्या दिवशीच सांगितले होते. फरक इतकाच की महाराजांनी ते अधिक रंगवून सांगितले होते.

"गोळ्या टाकून दिल्यास?"

"माझ्याकडं हायत," नवशी म्हणाली. "हा फेकीत होता. मी कणगीत दडवल्या. सरकारी वस्तू, परत मागतील म्हटलं."

ती घरी जाऊन पाकीट घेऊन आली. मयुराने विटकरी रंगाची एक गोळी काढली, दगडाने ठेचली आणि नवशीने आणलेल्या पाण्याच्या ग्लासात टाकून ढवळली. पाणी केशरी झाले, मग लालसर. दिपक त्याकडे पाहत राहिला. तो रंग त्याच्या ओळखीचा होता.

"हीच का तुझी आग?"

"हीच," तो म्हणाला.

"रंग औषधाचा. औषध बंद, रंग बंद. महाराजांचं पाणी न पिता नुसत्या गोळ्या सोडल्या असत्यास, तरी साफच झाली असती."

दिपकने ग्लास हातात घेतला, उजेडात धरला. "मग साफ झाली म्हणून मी नारळ फोडला तो..."

"औषध थांबल्याचा," नवशी म्हणाली. "मी तेव्हाच बोलले होते, खोकला तर हाय तसाच हाय. माझं ऐकलंस? मी चित्र काढणारी. तोंड लावलं की नाचाचा ड्रॅगन होतो, हे मला नाय कळणार तर कोणाला?"

दुसऱ्या दिवशी महादेवशेठ स्वतः गाडी काढून दिपकला दवाखान्यात घेऊन आले. थुंकीची तपासणी झाली. जंतू अजून औषधाला दाद देत होते. उशीर झाला होता, पण फार नाही. गोळ्या नव्याने सुरू झाल्या. थोड्याच दिवसांनी दिपक दवाखान्याच्या दारात आला, आत रोगी बसलेले पाहून थबकला आणि तेथूनच म्हणाला,

"मॅडम, लाल झाली."

"छान झालं," मयुरा म्हणाली.

बाकावरच्या म्हाताऱ्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि जागा बदलली.

टेकडीवरची भिंत अजून आहे. नवशीने ओल्या फडक्याने तिच्यावरचा जबडा पुसून टाकला. नाच राहू दिला. ज्यांना अजूनही तेथे जावेसे वाटते त्यांनी जरूर जावे, फक्त नाक उघडे ठेवावे, आणि जे ओळखीचे वाटेल ते शेजारच्याला मोठ्याने सांगावे. शेजाऱ्यालाही ते बहुधा ठाऊक असते.

आगीचे आणि लाल रंगाचे कारण पुढीलप्रमाणे. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो. तो पणतीवर पेटतो आणि मागे चुना उरतो. क्षयाच्या गोळ्यांतील रिफाम्पिसिनमुळे लघवी लाल होते. गोळ्या थांबवल्या की ती साफ होते. रोग मात्र गोळ्या घेतल्यानेच जातो.