कपाळावरच्या झोळीने ऐकलेलं नाव

टप्.

चूल विझत आली होती आणि माझ्या तळातून एक भाजलेलं रताळं राखेत पडलं. बोल्कुनने ते उचललं, फुंकलं आणि मला मांडीवर घेऊन भोकात बोट घालून पाहिलं.

मित्रांनो, मी एक जुनी झोळी आहे. समुद्रापलीकडच्या एका बेटावरच्या, चिंबूच्या डोंगरातली. बोल्कुनच्या आईने झाडाची साल वाळवली, मांडीवर वळून तिचा दोरा केला, आणि लेक सासरी निघाली तेव्हा माझा पट्टा तिच्या कपाळाला अडकवला. तेव्हापासून कितीतरी वर्षं मी तिच्या पाठीवर होते. रताळी वाहिली, सरपण वाहिलं, एकदा डुकराचं आजारी पिल्लूही वाहिलं. मग तिची अग्नेस माझ्यातच वाढली. तळाशी मऊ पानं घालून बोल्कुन तिला निजवायची आणि वाफे खणताना मला कुंपणाच्या खुंटाला टांगायची. बायका म्हणत, काय घट्ट विणलीय गं. मी आपली फुगून जायची.

अग्नेस तान्ही होती तेव्हा देशातली पहिली निवडणूक आली. राज्य गोऱ्यांचंच होतं, पण कायदे करणाऱ्या सभेत आता आपलीही माणसं बसणार होती. बोल्कुनचे सासरे उभे राहिले. त्यांचं नाव मी सांगणार नाही. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, आणि मी सुनेची झोळी. मुलगी झाली म्हणून सगळ्यांनी नाक मुरडलं होतं, तेव्हा त्यांनी स्वतः रताळं भाजून बोल्कुनच्या हातावर ठेवलं होतं. ती ऊब ती विसरली नव्हती. ते निवडून यावेत, एवढंच तिला हवं होतं.

आमच्यात लिहिता कुणाला येत नव्हतं. म्हणून मत घ्यायला आलेल्या गोऱ्या साहेबाच्या कानात ते सांगायचं ठरलं. नाव स्वतःच्या तोंडाने घ्यायचं, कुणी सुचवायचं नाही. बोल्कुनने नवऱ्याला अडचण सांगितली तर तो हसला. म्हणाला, गोऱ्याचा कान म्हणजे झाडाची ढोली, तिथे कोण ऐकतंय? पुरुषांना हे सोपंच होतं. ती मात्र रोज मळ्यात एकटी असताना ओठ हलवून पाहायची. आवाज फुटायचाच नाही.

त्या दिवशी ताडपत्रीच्या आडोशाला साहेबाने कान पुढे केला. बोल्कुन म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा बाप."

शेजारचा दुभाषी लांबच्या खोऱ्यातला होता. तो म्हणाला, "सासरे सगळ्यांनाच असतात, ताई. साहेबाला नाव पाहिजे."

माझ्यात अग्नेस रडायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं की कानात सांगायचंय, अख्खी गोष्ट नाही, आणि रांग हसली. बोल्कुनचं कपाळ माझ्या पट्ट्याखाली घामाने भिजलं. मग तिच्या तोंडातून एक नाव निघालं. नुलाई. नदीपलीकडचा, सासऱ्यांच्या विरोधात उभा असलेला. तिच्या जिभेला घेता येईल असं तेवढंच नाव तिला सुचलं. साहेबाने कागदावर खूण केली आणि कागद पेटीत टाकला.

नुलाई जिंकला.

तरीही सासऱ्यांनी डुक्कर कापलं, खड्ड्यात तापल्या दगडांवर शिजवलं. म्हणाले, बाहेरच्यांनी दगा दिला असेल, माझ्या सुना मात्र लेकींहून सख्ख्या. पहिला चरबीचा तुकडा त्यांनी बोल्कुनला दिला. तिला तो गिळेना. पानात गुंडाळून तिने माझ्यात टाकला. बाकीच्या सुना खाली माना घालून चावत होत्या. त्या दिवशी एकाही सुनेने दुसऱ्या सुनेकडे पाहिलं नाही.

त्या चरबीचा डाग माझ्या तळाशी राहिला. बोल्कुनने राखेने घासला, ओढ्यावर धुतला, तरी गेला नाही. पुढे तिने नवी झोळी विणली आणि मी आढ्याला लटकत राहिले. तिथे उंदरांनी दात मारले ते बरोबर त्या डागावरच. मित्रांनो, भोक बोटाएवढं असतानाच गाठ मारावी. नंतर किती दोरा लागेल ते सांगता येत नाही.

आज भाजलेली रताळी ठेवायला बोल्कुनने मला खाली काढलं, आणि आता ती तीच गाठ मारायला बसली. आता देश आपला झाला आहे, पुन्हा निवडणूक आली आहे. सासरे म्हातारे झालेत, चुलीशी बसून तेच राखेतलं रताळं सोलत होते. अग्नेस आता शाळेत जाते. तिने विचारलं, पहिल्या निवडणुकीत काय झालं होतं?

"हरलो," म्हातारा म्हणाला. "पण आपल्या घरातलं एक मत फुटलं नाही. विचार तुझ्या आईला." आणि रताळ्याचा मोठा अर्धा भाग त्याने सुनेपुढे धरला.

बोल्कुनने तो घेतला नाही. तिचे दोन्ही हात माझ्यात होते.

अग्नेस आधी आजोबांकडे पाहत राहिली, मग आईकडे.

"पण आई, तू तर आजोबांचं नाव घेत नाहीस. मग साहेबाच्या कानात काय सांगितलंस?"