खांबाची माती

गावच्या प्रार्थनाघराच्या, म्हणजे नामघराच्या, पायरीपासून लुइत नदीच्या काठापर्यंत आठ खुंट्या उरल्या होत्या, पाच-पाच हातांवर एक. काल नऊ होत्या. बावीस घरांपैकी तेरा घरं खांबांसकट सोडवून पुराच्या बांधापलीकडे गेली होती. भाद म्हणजे भाद्रपद महिन्याचे नऊ दिवस शिल्लक होते. नदी रोज एक खुंटी खात होती. खुंट्या कंठीरामच्या सुनेनं, जुनुमानं, रोवल्या होत्या आणि रोज सकाळी तीच त्या मोजून सासऱ्याला आकडा सांगायची.

कंठीराम नामघरातला पाठक. भादात तिथं दोन्ही वेळा नामाचं कीर्तन होई, संध्याकाळी तो पोथी वाचून अर्थ सांगे. या महिन्यात नामघर हलवायचं नाही, ही गावाची जुनी रीत. महिन्याच्या पहिल्या दिवशी शेजारच्या मोहेश्वरनं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, की नदी काही महिना बघत नाही, आत्ताच हलवू आणि नाम बांधावर घेऊ. रीत सोडायची तर पाठकाचा शब्द लागतो. कंठीरामनं मोहेश्वरकडे न बघता सांगितलं होतं, की ज्याचा विश्वास नसेल त्यानं आपलं घर हलवावं, देवाचं नाही. त्यासाठी पोथीतला आधारही दिला होता.

दोघं अकरा वर्षं बोलत नव्हते. भांडण दोघांच्या हद्दीवरच्या सात सुपारीच्या झाडांवरून झालेलं. गेल्या आषाढात नदीनं ती सातही झाडं नेली, हद्दही नेली. गावात लोक म्हणायचे, या दोघांचं सगळं वाहून गेलं, भांडण तेवढं कोरडं राहिलं.

हलवायचं म्हटलं तरी अडचण मुख्य खांबाची होती. बावन्न वर्षांपूर्वी तो उभा करताना पहिली मूठभर माती या दोघांच्या बापांनी टाकलेली. ज्या घरांनी माती टाकली त्याच घरांनी ती काढायची, दोन्ही घरांचे हात लागल्याशिवाय त्या खांबाला कुणी शिवत नाही.

त्या सकाळी जुनुमा काठावरून आली ती पदर खोचूनच.

“देउता,” तिनं सासऱ्याला हाक मारली, “पाणी दोन हात उतरलंय.”

“बरं झालं की,” कंठीराम म्हणाला. त्याला खरंच हायसं वाटलं. “आता नऊ दिवस निघतील.”

तिनं काठाकडे हात केला. “बरं कसं? भरलेली नदी काठाला टेकून असती. पाणी उतरलं की ओल्या भिंतीचा टेकू गेला. माणिकपूरचा काठ पाणी उतरतानाच गेला ना? हे तुम्हीच मला शिकवलंय, लग्न होऊन आले त्या साली.”

 हे कंठीरामला त्याच्या बापानं शिकवलं होतं. चाळीस वर्षं त्याला ते माहीत होतं, आणि आज सकाळी ते आठवलं नव्हतं.

“काल संध्याकाळी काय वाचलं तुम्ही?” जुनुमानं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून प्रश्न जास्त लागला.

काल त्यानं रागाचं वाचलं होतं. माणसाला राग चढला की त्याला माहीत असलेलं आठवत नाही, आणि आठवण गेली की अक्कल जाते. अर्थ सांगताना त्यानं दाखले दिले होते ते दारुड्याचे आणि सासू-सुनांचे. बायका हसल्या होत्या.

जुनुमा त्याला नामघराच्या अंगणात घेऊन गेली. पायरीपासून पाचव्या खुंटीच्या मागे जमिनीत एक भेग होती, बोटभर रुंद, काठाला समांतर. तिनं भेगेवर एक काडी आडवी ठेवलेली. ते बघत असतानाच काडीचं एक टोक सुटलं आणि ती आत पडली. पडल्याचा आवाज आला नाही. वारा नव्हता, आणि नदीकडच्या अंगाला एकही पाखरू बसलेलं नव्हतं.

“मोहेश्वर खुराकडं जा,” ती म्हणाली; ती त्याला खुरा, म्हणजे काका, म्हणायची.

मोहेश्वर काठावरचं स्वतःचं घर सोडवत होता. बारा खांब होते, चार काढून बांधावर नेऊन ठेवले होते, पाचव्याशी तो आणि त्याचे दोन पुतणे झटत होते. घामानं भिजलेला मोहेश्वर पहार टेकून उभा राहिला.

“पाठक वाट चुकला काय?”

“खांबाची माती काढायची हाय. तुझा हात लागंल.”

“भादाचे नऊ दिवस हायेत अजून. मी न्हाई म्हणत, पोथी म्हणती.”

कंठीरामनं गळ्यातल्या गामोशानं तोंड पुसलं.  “पोथी तसं म्हणत न्हाई. मीच म्हणालो. तू हलवू म्हणालास, म्हणून मी न्हाई म्हणालो. दुसरं कुणी म्हणालं असतं तर त्याच दिवशी हलवलं असतं.”

पुतणे हातातलं काम थांबवून बघू लागले. मोहेश्वरनं पहारेला चिकटलेली माती पायानं पाडली.

“त्या सुपाऱ्यांतल्या तीन तुझ्या व्हत्या,” तो म्हणाला.

“चार.”

“तीन.”

“बरं, तीन,” कंठीराम म्हणाला.

मोहेश्वरनं पहार खांद्यावर घेतली. धाकटा पुतण्या म्हणाला, आधी आपले आठ खांब तरी काढू. मोहेश्वर तोवर चालू लागला होता. त्याच्यामागून पुतणेही निघाले.

आधी कंठीरामनं सांची झाडाच्या सालीवर लिहिलेली पोथी डोक्यावर घेऊन बांधावर पोचवली. परत येईतो भेगेत मूठ जात होती. दोघं खांबाच्या दोन बाजूंना गुडघ्यावर बसले आणि एकेक मूठ माती काढून गामोशात घेतली. मग छपराचे बंध कापून, बाकीचं नामघर तसंच सोडून, गावच्या चौदा जणांनी पहारी घातल्या. खांब तीन हात आत होता. नदीकडून अधूनमधून जुनं कापड फाडल्यासारखा आवाज यायचा, पाठोपाठ पायाखालची जमीन किंचित दबायची. कुणी मागं वळून बघत नव्हतं. जुनुमा काठाकडे तोंड करून उभी होती आणि फक्त आकडा सांगत होती. सहा. पाच. मग एकदम दोन.

खांब निघाला, दोर लागले, ओढत नेला. दिवस मावळायच्या आत सगळे बांधावर होते. त्यानंतर जो आवाज झाला तो फाडल्यासारखा नव्हता. तो मोठा होता आणि बराच वेळ चालला.

धूळ बसल्यावर जुनुमा दोरी घेऊन खाली उतरली. कंठीराम तिच्यासोबत गेला, दोरीचं दुसरं टोक त्यानं धरलं.

खांबाच्या खड्ड्यापासून काठ साडेतीन हात. खुंटी एकही नाही. बांधावर पोथी एक, नामघराचा मुख्य खांब एक. मोहेश्वरच्या घराचे खांब, बारापैकी चार; घराच्या जागी पाणी.