अकरा तासांची विश्रांती

"फोन बंद करून यात टाका, बाई," शिपाई म्हणाला आणि त्याने पत्र्याचा डबा पुढे धरला.

तिने फोन टाकला आणि बाकावर जाऊन बसली. तिचा नंबर सातवा होता, आत चौथा गेला होता. परीक्षा तोंडी, विषय राज्यसंघाचा कायदा. काही देशांनी मिळून संघ केला, त्या संघाने कायदे केले, ते कायदे सदस्य देशांत कुणाला आणि किती लागू होतात, हे सांगायचं. ती यात दोनदा आपटली होती. तिसऱ्यांदा आपटली की पटावरून नाव कमी. दिवसा हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत इस्त्री, संध्याकाळी विद्यापीठ, अशी सहा वर्षं काढली होती. ती सगळी मातीत गेली असती.

भीती होतीच. पण ती परीक्षेची होती, ओळखीची होती.

शेजारची उंच मुलगी म्हणाली, "काकू, माझं ऐकता का जरा? मी म्हणते, चुकलं तर थांबवा."

"म्हण."

"संघाचा निर्देश म्हणजे सदस्य देशांना दिलेली आज्ञा. अमुक तारखेच्या आत आपल्या देशात असा कायदा करा. देशाने तो केला नाही आणि मुदत उलटली, तरी माणूस त्या निर्देशाचा आधार घेऊन सरकारविरुद्ध हक्क मागू शकतो."

"बरोबर."

"पण खासगी मालकाविरुद्ध मागू शकत नाही. कारण आज्ञा सरकारला होती, मालकाला नव्हती. बरोबर ना? काकू?"

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

हे तिला येत होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. दोन वर्षं वहीत लाल शाईने लिहिलेलं होतं. आणि तरीही परवा तिने लॉन्ड्रीतल्या अकरा बायकांसाठी पत्र लिहून दिलं होतं: दोन पाळ्यांच्या मध्ये अकरा तासांची विश्रांती हा संघाच्या निर्देशाने दिलेला आमचा हक्क आहे, सबब रात्री दहाला सुटून सकाळी सहाला आम्ही येणार नाही. आज एक वाजता तिची थोरली जाऊ ते पत्र सुपरवायझरच्या हातात देणार होती. पत्राखाली अकरा सह्या होत्या.

सरकारने निर्देशाप्रमाणे कायदा अजून केलाच नव्हता, आणि लॉन्ड्री आठ महिन्यांपूर्वीच ठेकेदाराला देऊन टाकली होती. मशीनं तीच, भिंती त्याच, ॲप्रनवर शिक्काही हॉस्पिटलचाच. फक्त मालक बदलला होता. पुस्तकातलं पुस्तकात राहिलं आणि ती मात्र अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊन बायकांना पानावर बोट ठेवून दाखवत बसली होती. "वकीलबाई" म्हणायच्या तिला. ते ऐकून किती बरं वाटायचं! त्या बरं वाटण्यातच घात झाला होता.

आणि ठेकेदाराच्या करारात साफ लिहिलं होतं, नेमून दिलेली पाळी नाकारली की त्याच दिवशी घरी.

ती उठली. शिपायाकडून फोन मागून घेतला, जावेला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. लॉन्ड्रीत फोन कपाटात कुलूप लावून ठेवायचा नियम, तोही नव्या मालकाचाच. पावणेबारा झाले होते.

तिने परीक्षेच्या खोलीचं दार ढकललं. प्राध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं. समोर बसलेला विद्यार्थी बोलता बोलता थांबला.

"बाहेर थांबा."

"सर, मला आधी घ्या. पाच मिनिटं. माझ्या चुकीने बायकांच्या नोकऱ्या जातायत."

"कसली चूक?"

"निर्देश खासगी मालकाला लागू धरला."

प्राध्यापक किंचित हसले. "तो चौदावा प्रश्न. तुम्हाला कोणता येतो ते चिठ्ठी ठरवेल. क्रमाने या."

"एक वाजता पत्र जाईल, सर."

"बाई, नियम सगळ्यांना सारखा. गेलात तर गैरहजर. ही तुमची तिसरी संधी आहे, मला वाटतं."

"हो, तिसरीच."

ती क्षणभर उंबऱ्यात उभी राहिली. या माणसाने अख्खं आयुष्य हक्क शिकवण्यात घालवलं आणि बुडता हक्क दारात आला, तर त्याला चिठ्ठी पाहिजे! पण त्याच्यावर चिडून काय उपयोग? पत्र त्याने थोडंच लिहिलं होतं. तिने दार ओढून घेतलं.

बसमध्ये जागा होती, पण तिला बसवेना. दाराजवळच्या दांड्याला धरून ती उभी राहिली. जावेचा नवरा दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेला. घर त्या एका पगारावर. आणि जावेनेच सगळ्यांत आधी सही केली होती, "आमची ही शिकलेली आहे" असं बाकीच्या जणींना ऐकवून. प्रत्येक सिग्नलला तिचा जीव वरखाली होत होता. दुसऱ्या बसमधून उतरेपर्यंत पावणेएक झाला.

तळघराचा जिना ती धावतच उतरली. वाफेचा लोट तोंडावर आला.

"काय गं, इतक्यात पास झालीस?" जाऊ ओरडली. पत्र तिच्या हातात होतं, घडी घालून.

"ताई, ते देऊ नकोस."

"का?"

"माझं चुकलं."

एकेक मशीन थांबलं. बायका जवळ आल्या.

"चुकलं म्हणजे? पानावर बोट ठेवून कुणी दाखवलं? शेजारणीने?" जाऊ म्हणाली.

"पानावरचं खरं आहे. पण ते सरकारच्या नोकरांना. आपण आता ठेकेदाराच्या. त्याला हा निर्देश लागू होत नाही. पत्र दिलंत तर तो अकराच्या अकरा जणींना आज काढेल, आणि कोर्टात मी लिहिलेल्या त्या वाक्याला कुणी विचारणार नाही."

सगळ्यांत वयस्क बाई, सगळ्या तिला म्हातारी म्हणत, टोपलीच्या कडेवर टेकली. "म्हणजे सरकारकडे होतो तेव्हा आम्हाला झोप लागायची, आणि ठेकेदाराकडे आलो तर आम्ही लोखंडाच्या झालो?"

"कायदा तसंच म्हणतो."

"मग घाल चुलीत तो कायदा."

"सरकारवर दावा लावता येतो," ती घाईने म्हणाली. "मुदतीत कायदा केला नाही म्हणून नुकसानभरपाई मागता येते."

"किती दिवस लागतात?"

"सहा वर्षं. सात."

"तोवर मला तिरडीवरच अकरा तास मिळतील," म्हातारी म्हणाली. दोघीतिघी हसल्या आणि हसू मध्येच विरलं.

जाऊ अजून तिच्याकडेच पाहत होती. "तुझी परीक्षा?"

"नाही दिली."

"म्हणजे?"

"नाव कमी होईल."

जावेने पत्राची आणखी एक घडी घातली, आणखी एक, आणि ते पोलक्यात खुपसलं.

जिन्यावर बूट वाजले. सुपरवायझर. बायका त्याला 'घड्याळ' म्हणायच्या, कारण तो बोलताना समोरच्याकडे न बघता मनगटाकडे बघायचा. आताही तो मनगटाकडे बघतच म्हणाला, "मशीनं बंद का? बरं, आज रात्री दहापर्यंत आणि उद्या सकाळी सहापासून. कोण कोण?"

कुणी हललं नाही. वाफेची सुस्स एवढाच आवाज. तिच्या मनात आलं, आपण आलो नसतो तर या आत्ता ताठ उभ्या राहिल्या असत्या, आणि तासाभरात रस्त्यावर. आपण आलो, आणि आता यांना ताठ उभं राहायला काही उरलं नाही.

"मी परत विचारणार नाही," घड्याळ म्हणालं.

म्हातारीचा हात वर गेला. मग तिच्या मागचीचा. मग एकेक करत सगळ्यांचे. जावेचा हात शेवटी गेला, तोही खांद्याच्या वर नाही.

"आणि तुम्ही? आज रजेवर होतात ना?"

"आले मी," ती म्हणाली आणि तिने हात वर केला.

त्याने मनातल्या मनात मोजलं, मान हलवली आणि जिना चढून गेला.

कुणीतरी मशीन सुरू केलं. ती बाहेर जायच्या साडीतच उभी होती, पुस्तकांची पिशवी खांद्याला. बायका आपापल्या जागी गेल्या. तिला कुणी शिवी दिली नाही, कुणी वकीलबाईही म्हटलं नाही.

जावेने ड्रायरमधून एक चादर ओढून काढली, लांबलचक, अजून कढत. एकटीने घडी होत नव्हती. तिने एक टोक हातात धरलं, दुसरं हवेत तसंच पुढे केलं.

"धर," जाऊ म्हणाली. "पिशवी ठेव खाली आणि धर."

तिने पिशवी कोरडी जागा बघून ठेवली आणि दोन्ही हातांनी टोक धरलं. दोघी मागे मागे सरत गेल्या, चादर ताठ होईपर्यंत.